मार लागून दात तुटला तर? दातांच्या दुखापती आणि न्यायवैद्यक तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात पोलिसांची यादी (तपासणीसाठी दिलेले पत्र) घेऊन आलेल्या माणसाचे प्रश्न आणि दातदुखीने आलेल्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात. दुखणे किती, यापेक्षा ‘डॉक्टर, हे साधे की जबर?’ हेच आधी विचारले जाते. सोबतचा हवालदार तेच विचारतो आणि चार दिवसांनी समोरच्या पार्टीचा माणूसही येऊन तेच विचारून जातो. त्या सगळ्यांसाठी, आणि कॅज्युअल्टीत पहिल्यांदाच एमएलसी (न्यायवैद्यक प्रकरणाची नोंद) लिहायला बसलेल्या नव्या डॉक्टरांसाठी ही उत्तरे.

एका दाताने सगळी केस बदलते, हे खरे आहे का?

खरे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. त्यातला सातवा प्रकार म्हणजे हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे. डोळा जाणे, कान जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे यांच्याच यादीत दात बसवलेला आहे. किती दात, पुढचा की मागचा, पुन्हा बसवता येतो की नाही, असा भेद कायदा करत नाही. एक पुरतो.

भांडणात ओठ फुटला, गाल सुजला, तर ती साधी दुखापत. कलम ११५(२) लागते. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अदखलपात्र. म्हणजे पोलीस ठाण्यात ‘एनसी’ घेतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. त्याच ठोशात दात मोडला, तर कलम ११७(२) येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, गुन्हा दखलपात्र, एफआयआर घ्यावाच लागतो. आधी एनसी झाली असेल आणि नंतर डॉक्टरच्या दाखल्यात दात मोडल्याचे आले, तर प्रकरणाचा दर्जाच बदलतो. म्हणून त्या दाखल्यावर दोन्ही बाजूंचा डोळा असतो.

कलम ११७(२) जामीनपात्र आहे, हेही सांगून ठेवतो. ‘दात पाडला म्हणजे आता सुटका नाही’ ही गावातली समजूत चुकीची आहे.

भारतीय दंड संहितेतले कलम ३२० आणि आताचे ११६, फरक काय?

दातापुरता काहीच नाही. शब्दही जवळपास तेच. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली. त्याआधीच्या घटनेला जुनीच कलमे लागतात, खटला आज चालू असला तरी. बदल झाला तो आठव्या प्रकारात. पूर्वी वीस दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीची कामे करता न येणे अशी अट होती, आता ती पंधरा दिवसांची आहे. जबडा दुखतो, चावता येत नाही, पण हाड वा दात मोडलेला नाही, अशा रुग्णात हा फरक कामाला येऊ शकतो. मात्र पंधरा दिवस रुग्णालयात पडून राहिले म्हणजे ही अट आपोआप पुरी होत नाही.

दात पडला नाही, नुसता हलतोय. ही जबर दुखापत का?

सर्वात जास्त वाद इथेच होतात.

दाताला मार बसला की त्याची तीव्रता पायरीपायरीने वाढते. पहिली पायरी: दात ठोकल्यावर दुखतो, पण हलत नाही. दुसरी: दात हलतो, हिरडीच्या कडेने थोडे रक्त येते, पण दात मूळ जागेवरच आहे. तिसरी: दात जागेवरून सरकला आहे. थोडा बाहेर आला, आडवा झाला किंवा वर हाडात घुसला. शेवटची: दात मुळासकट बाहेर.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीला ‘निखळणे’ म्हणायला अडचण नाही. पहिलीला कोणी म्हणणार नाही. प्रश्न दुसरीचा. माझे मत स्पष्ट आहे: जागा न सोडलेल्या, नुसत्या हलणाऱ्या दाताला निखळलेला म्हणू नये. कायद्याने ‘हलणे’ हा शब्द वापरलेला नाही. पण अशा दाताच्या मुळाला तडा असू शकतो, आणि तो पहिल्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. म्हणून अशा वेळी मत राखून ठेवावे, वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे घ्यावेत आणि मगच लिहावे.

दाताचा बारीक टवका उडाला, तर तो ‘मोडला’ धरायचा का?

शब्दशः पाहिले तर होय. होरीलाल विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाडाबद्दल म्हटले आहे की ते आरपार तुटलेच पाहिजे असे नाही, चीर किंवा भेग असली तरी तो अस्थिभंग ठरतो. तोच विचार दाताला लावला, तर नुसत्या बाहेरच्या पांढऱ्या थराचा टवका उडणे हासुद्धा भंगच. टवका किती आत गेला आहे, पिवळसर थर उघडा पडला आहे का, आतली नस दिसते का, हे दाखल्यात वेगळे लिहावे. न्यायाधीशाला शिक्षा ठरवताना त्याचा उपयोग होतो.

पण बारीक केसासारख्या रेघा, ज्यात तुकडा निघालेला नसतो, त्यांच्याबाबत सावध राहावे. चाळिशी उलटलेल्या कुणाच्याही पटाशीच्या दातांवर टॉर्चचा तिरका उजेड टाका, अशा रेघा दिसतील. सुपारी फोडणाऱ्यांच्या दातांवर तर हमखास. त्या रेघा परवाच्या की दहा वर्षांपूर्वीच्या, हे सांगता येत नाही, आणि सांगता येत नसेल ते लिहू नये.

दात आधीच किडलेला किंवा पायरियाने खिळखिळा होता. मग काय?

दाखला देताना दुखापत झालेल्या दाताइतकेच लक्ष त्याच्या शेजाऱ्यांकडे द्यावे लागते ते यासाठीच. एक दात पडला आहे आणि बाजूचे चारही बोटाने हलतात, हिरड्या खाली सरकल्या आहेत, मुळांवर किटण चढले आहे, एक्स-रेत हाड निम्मे झिजलेले दिसते. अशा तोंडात दात पडायला ठोसाच लागतो असे नाही. उलट शेजारचे सगळे दात घट्ट, हिरडी गुलाबी, आणि मधला एकच गायब व खोबणीच्या कडा फाटलेल्या, तर जोर लागला होता हे उघड आहे.

आजारी दात हासुद्धा दातच, त्यामुळे ‘तो दात तसाही पडणारच होता’ हा बचाव आपोआप चालत नाही. पण कलम ११७ चे स्पष्टीकरण वाचण्यासारखे आहे. जबर दुखापत प्रत्यक्ष झाली पाहिजे, आणि जबर दुखापत करण्याचा हेतू किंवा तशी शक्यता असल्याची जाणीवही आरोपीला असली पाहिजे. एक साधी थप्पड आणि खिळखिळा दात खाली, यात ती जाणीव होती का, हे न्यायालय ठरवते. डॉक्टरने हेतूवर मत द्यायचे नाही. दाताची आणि हिरडीची अवस्था नीट लिहून ठेवायची, म्हणजे न्यायालयाला ठरवता येते.

रूट कॅनल झालेला, कॅप बसवलेला दात खाली नैसर्गिक मुळावरच उभा असतो. तो दातच.

दुधाचा दात, कवळी, इम्प्लांट यांचे काय?

कायद्यात दुधाचा आणि पक्का असा भेद नाही. पण सहा-सात वर्षांच्या मुलाचा पडायला आलेला दात असेल तर मूळ जवळजवळ विरघळलेले असते. पडलेला दात हातात घेतला की ते कळते. तसे लिहावे.

कवळी मोडली तर ती वस्तूची नुकसानी, दाताची नव्हे. कवळीचा तुकडा हिरडीत घुसून जखम झाली असेल तर ती जखम मात्र वेगळी नोंदवावी. इम्प्लांटच्या स्क्रूला दात म्हणायचे का, यावर वकील वाद घालतील. पण तो ज्या हाडात बसला आहे ते हाड मोडले असेल, तर वादच उरत नाही.

दात मुळासकट निघून पडला. आधी पोलीस ठाणे की दवाखाना?

दवाखाना. आणि तोही तासाच्या आत.

दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर थंड पाण्याच्या किंवा सलाइनच्या धारेखाली क्षणभर धरा, घासू नका. जमत असेल तर तिथेच खोबणीत बसवून रुमाल चावून धरा. नाही जमले तर दुधाच्या पेल्यात टाकून आणा. कोरड्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवणे सगळ्यात वाईट, कारण मुळावरचा नाजूक थर सुकून मरतो. तासाभराहून जास्त कोरड्यात राहिलेला दात पुन्हा बसवला तरी फार टिकत नाही. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. खाली पक्क्या दाताचा कोंब असतो, त्याला इजा होते.

‘दात बसवला तर पुरावा जाईल’ या भीतीने लोक दात पुडीत बांधून ठेवतात. तसे करू नका. डॉक्टर बसवण्याआधी दाताचा आणि रिकाम्या खोबणीचा फोटो घेतात, नोंद करतात, नंतर एक्स-रे काढतात. तेवढे पुरते. दात बसवला आणि रुजला तरी तो निखळला होता ही गोष्ट बदलत नाही. बसवण्यासारखा नसेल, तर डबीत घालून, सील करून, पोलिसांना पोच घेऊन द्यावा. तो मुद्देमाल होतो.

दात सापडतच नसेल तर तो पोटात गेला, फुप्फुसात गेला की ओठात रुतला, हे पाहावे लागते. त्यासाठी छातीचा आणि ओठाचा एक्स-रे. बेशुद्ध किंवा दारू प्यायलेल्या माणसात हे विसरले तर जिवावर बेतू शकते.

खासगी डेंटिस्टचा दाखला चालतो का?

नोंदणीकृत दंतवैद्याचे मत हे तज्ज्ञाचे मत असते, मग तो सरकारी असो वा खासगी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये तसा भेद नाही. रात्री अकराला जवळचा खासगी दवाखानाच उघडा असेल तर तिथेच जा. उपचार आणि पहिली नोंद महत्त्वाची. फक्त केसपेपर, एक्स-रे आणि बिल जपून ठेवा. पुढे पोलीस बहुतेक वेळा सरकारी रुग्णालयाकडे यादी देतात आणि तालुक्याच्या ठिकाणी दंतशल्यचिकित्सक नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय दंत महाविद्यालयात पाठवतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे अशी महाविद्यालये आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. तिथला डॉक्टर पहिल्या दिवशीचा कागद मागतो. तो नसेल तर त्याच्या हाती फक्त भरत आलेली जखम उरते.

जखम कधीची आहे हे दातावरून कळते का?

ढोबळ अंदाज येतो, तास-मिनिटांचा हिशेब येत नाही.

ताज्या खोबणीत लालभडक गुठळी असते, पहिल्या दिवशी पाझर चालू असू शकतो. आठवडाभरात लालसर नवी ऊती दिसते. तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी झाकते. आतले हाड एक्स-रेत भरून दिसायला काही महिने लागतात. तुटलेल्या दाताची ताजी कड धारदार असते, जीभ कापते. जुनी कड झिजून गुळगुळीत होते, तिच्यावर चहा, मिश्री, तंबाखूचा डाग चढतो, किटणही बसते. तुटलेल्या पृष्ठभागावर डाग असलेला दात ‘काल रात्री मोडला’ असे सांगत कोणी आले, तर सांगणाऱ्यावर नव्हे, दातावर विश्वास ठेवावा.

तोंडाच्या आतल्या जखमा फार लवकर भरतात. ओठाच्या आतली चिरणी चार-पाच दिवसांत ओळखू येईनाशी होते. ‘आधी समेट होतो का बघू, मग डॉक्टरकडे जाऊ’ म्हणणाऱ्यांचा पुरावा इथेच जातो.

ठोसा बसला की पडून लागले, हे ओळखता येते का?

बऱ्याचदा दिशा सापडते, नक्की खात्री कमी वेळा. समोरून तोंडावर मार बसला की वरचे पटाशीचे दात जातात आणि त्याच दातांच्या समोर ओठाच्या आतल्या बाजूला जखम असते. हनुवटीवर आपटले तर गोष्ट वेगळी: हनुवटीखाली फाटलेली जखम, दाढांचे कंगोरे उभे चिरलेले, आणि कानापुढे जबड्याच्या सांध्याचे हाड मोडलेले. हनुवटीला टाके घातले आणि रुग्णाला घरी सोडले, सांधा पाहिलाच नाही, असे होते. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जात असेल तर ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढल्याशिवाय सोडू नये.

ओठाला खरचटलेही नाही आणि पुढचा दात मात्र तुटला, हे संशयास्पद वाटते. पण तोंड उघडे असताना, ओरडताना मार बसला तर तसेही होते. काठीने, दगडाने, की मुठीने, यावर ‘बोथट वस्तूने शक्य’ याहून पुढे जाण्याची गरज क्वचितच असते.

लहान मुलाचा दात मोडला आहे आणि सांगितलेली हकिकत पटत नाही. काय पाहावे?

नुकते चालायला लागलेले मूल रोज पडते, आणि वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा त्यात फाटू शकतो. न चालणाऱ्या तान्ह्या बाळात तो पडदा फाटलेला दिसला, तर बाटली किंवा चमचा जबरदस्तीने तोंडात कोंबला गेला का, हा विचार करावा. एकट्या त्या खुणेवर निष्कर्ष काढू नये. गालावर बोटांचे वळ, कानावर काळेनिळे, वेगवेगळ्या वयाच्या जखमा, दवाखान्यात आणायला झालेला उशीर, आई आणि वडिलांच्या सांगण्यातला फरक, हे सगळे एकत्र मांडावे. मूल बोलत असेल तर त्याच्याशी वेगळे बोलावे आणि त्याचे शब्द त्याच्याच शब्दांत लिहावेत.

दुधाचा दात वर घुसला असेल, तर पक्का दात काही वर्षांनी पांढरे-तपकिरी डाग घेऊन येऊ शकतो. ही शक्यता कागदावर आजच लिहून ठेवावी.

दाखल्यात नेमके काय लिहावे?

‘वरचा दात तुटला आहे. जबर दुखापत.’ असे दाखले मी पाहिले आहेत. उलटतपासणीत ते पाच मिनिटेही टिकत नाहीत. कोणता दात? किती तुटला? बाकीचे कसे होते? एक्स-रे कुठे आहे?

त्याऐवजी असे लिहिता येते: ‘वरच्या जबड्यातील डावा मधला पटाशीचा दात, क्रमांक २१, नसेपर्यंत तिरका तुटलेला. कड धारदार, डागविरहित. नसेतून रक्तस्राव. समोर वरच्या ओठाच्या आत १ बाय ०.५ सेंटिमीटरची फाटलेली जखम, ताजी. शेजारचे क्रमांक ११ आणि २२ घट्ट, कीड नाही. हिरड्या निरोगी. एक्स-रेत मुळाला भंग नाही. दुखापत २४ तासांच्या आतली, बोथट वस्तूने शक्य.’ यातले ‘शेजारचे घट्ट, हिरड्या निरोगी’ हे सगळ्यात जास्त वेळा राहून जाते आणि सगळ्यात जास्त वेळा विचारले जाते.

क्रमांकाबद्दल: पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. २१ ला ‘दोन-एक’ म्हणायचे, एकवीस नव्हे. आणि डावे-उजवे रुग्णाचे, तुमच्यासमोर दिसते ते नव्हे. सोबत साध्या शब्दांतही लिहावे, कारण वाचणारे फौजदार आणि वकील दंतवैद्य नसतात.

एक्स-रेवर नाव, तारीख आणि एमएलसी क्रमांक हवा. मोबाइलमध्ये काढलेला एक्स-रेचा फोटो म्हणजे एक्स-रे नव्हे.

अंतिम मत यायला उशीर का होतो?

काही वेळा उशीर करणेच बरोबर असते. मार बसलेल्या दाताची नस जिवंत आहे का, हे तपासणारी चाचणी पहिल्या दिवशी फसवते. जिवंत नसही काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत प्रतिसाद देत नाही. दात काळवंडणे, मुळाची झीज हे नंतर दिसते. पण भंग किंवा निखळणे पहिल्याच दिवशी स्पष्ट दिसत असेल, तर नसेची वाट पाहत दाखला अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

कोणी स्वतःच दात काढून खोटी तक्रार करते का?

करतात. मुळावर किटण चढलेला, पायरियाचा दात पुडीत, खोबणीभोवती सूज नाही, ओठ-हिरडी धड, आणि दातावर चिमट्याचे ओरखडे, असे चित्र दिसले की तसे लिहावे. ‘खोटे आहे’ असा शेरा मारू नये. ‘सांगितलेल्या हकिकतीशी विसंगत’ एवढे पुरे. आणि ओळखीपोटी किंवा पैशापोटी उलटे लिहून देणाऱ्या डॉक्टरसाठी न्याय संहितेचे कलम २३४ आहे, खोट्या प्रमाणपत्राचे.

दाताने चावा घेतला तर दात हे हत्यार ठरते का?

२०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मानवी दातांना घातक हत्यार मानायला नकार दिला. चाव्याच्या ठशावरून माणूस ओळखण्याचे शास्त्रही आता डळमळीत मानले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०२२ मध्ये त्याला पुरेसा शास्त्रीय पाया नसल्याचे म्हटले. आपल्याकडे २०१२ च्या दिल्ली सामूहिक बलात्कार प्रकरणात असे विश्लेषण पुराव्यात आले होते, पण तिथे डीएनएसह इतरही भक्कम पुरावा होता. चाव्याची जखम धुण्याआधी तिच्यावरून ओलसर कापसाने लाळेचा नमुना घेणे, हे जास्त मोलाचे.

गाडीच्या अपघातात दात गेले. तिथेही हेच?

‘जबर दुखापत’ची व्याख्या तीच, कलम बदलते. हयगयीने जबर दुखापत केल्याबद्दल कलम १२५(ब) लागते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मात्र खर्चाचा हिशेब मोठा असतो. तिथे दात बसवण्याचा, पुढे बदलावा लागणाऱ्या कॅपचा अंदाजपत्रकासह दाखला लागतो. तो दंतवैद्याकडून वेगळा मागून घ्या. जखमेच्या दाखल्यात तो नसतो.

साक्षीला बोलावले तर डॉक्टरला काय विचारतात?

साधारण हेच: ‘पडल्यानेही असा दात मोडू शकतो ना?’ उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असते, आणि ते सरळ द्यावे. पुढे विचारले नाही तर स्वतःहून भर घालू नये. विचारले, तर ओठाच्या आतली जखम आणि दाताची जागा यांचा मेळ सांगावा. ‘पायरिया होता का?’ याचे उत्तर दाखल्यात असेल तर कागद दाखवावा, नसेल तर आठवणीवर बोलू नये. घटना होऊन पाच-सहा वर्षे उलटलेली असतात. साक्षीच्या आदल्या दिवशी एमएलसी रजिस्टर आणि एक्स-रे रुग्णालयाच्या अभिलेख कक्षातून मागवून घ्यावेत, कारण सकाळी न्यायालयात पोचल्यावर ते मिळत नाहीत.